वाकळीतली रिकामी चौकट

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू इतकी वर्षं लखनौत राहिल्या, पण इथल्या एकाही माणसाचा चेहरा त्यांनी नीट पाहिला असेल, असं मला वाटत नाही. माणूस समोर आला की त्यांची नजर आधी कॉलरवर जायची, तिथून बाहीच्या टोकाला, आणि मग हात पुढे यायचा. समोरच्याला वाटायचं, बाई नमस्काराला वाकताहेत. काकू त्याच्या शर्टाचा काठ अंगठ्यात आणि बोटात धरून चोळून बघायच्या. "सुती आहे" म्हणाल्या की ओळख पक्की. "टेरिकॉट" म्हणाल्या की तो माणूस त्यांच्या मनातून उतरला, मग तो ऑफिसातला सगळ्यात मोठा साहेब का असेना. दूधवाल्या भैयाचं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. त्या त्याला 'निळ्या चौकडीवाला' म्हणायच्या. त्याने तो निळ्या चौकडीचा शर्ट केव्हाच टाकून दिला होता. टाकून दिला म्हणजे काकूंना दिला. तो आता आमच्या अंगावर असतो.

तो आमच्या अंगावर कसा आला ते सांगायचं तर आधी आमची खोली सांगायला हवी. आलमबागेत सरकारी क्वार्टरांच्या मागच्या बाजूला, कुणा साहेबाच्या नोकरासाठी बांधलेल्या एका खोलीत आम्ही चौघं राहत होतो. बाबा यवतमाळकडचे. ते कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली हेल्पर होते. कारखाना सरकारी होता, बाबा नव्हते. आई-बाबा दोघांचीही शाळा चौथीच्या पलीकडे गेलेली नव्हती, आणि लखनौला येताना इथल्या थंडीबद्दल त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. आमच्याकडे एकच रजाई होती. तिच्यातला कापूस म्हातारा होऊन सगळा एका कोपऱ्यात जाऊन बसला होता. ज्याच्या वाट्याला तो कोपरा यायचा, तो नशीबवान. बाकीच्यांनी नुसती खोळ पांघरायची. माझ्या धाकट्या भावाला सर्दीशिवाय मी डिसेंबर-जानेवारीत कधी पाहिलंच नाही.

एकदा आई नळावर भावाला मराठीत रागावत होती. वरच्या बाल्कनीतून आवाज आला, "काहून वो, आपल्याकडच्या का तुम्ही?" आईने चमकून वर पाहिलं. परक्या गावात आपली बोली ऐकून तिचे डोळे भरून आले होते. ती "जय भीम ताई" म्हणेपर्यंत काकूंची नजर आमच्या दोरीवर गेलेली होती. "थे हिरवी साडी विरली. फेकू नका, मी येऊन रायली." काकू आल्या, साडी चोळून पाहिली, काखेत मारली आणि गेल्या. चहा नाही, नाव-गाव नाही. आई हातात बादली घेऊन तशीच उभी. संध्याकाळी बाबांना म्हणाली, "ओळख ना पाळख, साडी घेऊन गेली हो ती बाई!"

काही आठवड्यांनी ती साडी परत आली. तिच्याबरोबर आणखी कितीतरी माणसं आली होती. दूधवाल्याची निळी चौकडी, काकांचे ऑफिसचे पांढरे शर्ट, कुणाच्या बाळंतपणातली मऊ लुगडी, कुणा शेजाऱ्याची सुटाबुटाच्या हौशीतून उतरलेली पट्ट्यापट्ट्यांची विजार. सगळं थरावर थर घालून, बारीक धावदोऱ्याने शिवलेलं. ती वाकळ. गोधडी म्हणा, पण काकूंच्या आणि आमच्या गावाकडे वाकळच म्हणतात. त्या रात्री कापसाचा कोपरा कुणाचा यावरून आमच्या घरात पहिल्यांदा भांडण झालं नाही.

काकूंचे वाकळीचे कायदे होते. कोरं कापड वाकळीत घालायचं नाही, कारण "ज्याले कुणाचं अंग माहीत नाही, थे काय ऊब देईन?" ओळखीच्या नसलेल्या माणसाचं कापड घ्यायचं नाही. वाकळ विकायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाकळ उपाशी ठेवायची नाही. शेवटचा कोपरा शिवून बंद करण्याआधी त्या आत तांदळाचे चार दाणे टाकायच्या. त्यांच्या आईने टाकले होते, आईच्या आईने टाकले होते. गावाकडे हे ठीक असेल. आमच्या खोलीत त्या दाण्यांचा वास एका उंदराला लागला. त्याने बरोबर तोच कोपरा गाठून कुरतडला. आई रडवेली होऊन वर गेली, तर काकू खूश. "पाहा, रिकाम्या वाकळीजवळ कोणी जाईन का?" असं म्हणत त्यांनी कोपरा नवा लावला आणि नवे दाणे टाकले. उंदीर नंतर दुसरीकडे जेवायला गेला असावा.

विहारात वंदनेला त्यांच्या शेजारी बसायला आई घाबरायची. सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून हात जोडून, डोळे मिटून बसलेल्या असायच्या. काकूंचे हात जोडलेले असायचे, पण डोळे उघडे. वंदना संपली की त्या आईच्या कानात म्हणायच्या, "तिसऱ्या रांगेतली साडी पुढच्या वर्षी अस्तराले येते." आणि पुढच्या वर्षी ती खरंच यायची.

त्यांच्या हातून एकदाच मोठी चूक झाली. तीही अशी की आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसाकडूनच व्हावी. नवीनच लखनौला आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. तळमजल्यावर एक लखनवी बाई राहायच्या, सगळे त्यांना आपा, म्हणजे ताई, म्हणायचे. त्यांनी काकूंना आपला पांढरा, चिकन भरतकामाचा कुर्ता दिला, बाजूंना जरा सैल करून द्या म्हणून. काकूंनी तो उलगडला तर गळ्याखाली सगळी बारीक बारीक भोकं. बिचारीच्या कपड्याला कसर लागली आणि लाजेने ती बोलली नाही, असं काकूंना वाटलं. त्यांनीही लाजेने काही विचारलं नाही. एकेरी धाग्याची सुई घेतली, खिडकीशी बसल्या आणि एकेक भोक रफू करून बुजवलं. ती चिकनची जाली होती, धागे सारून मुद्दाम केलेली जाळी. कुर्त्यातलं सगळ्यात नाजूक, सगळ्यात मोलाचं काम. आपांनी कुर्ता हातात घेतला, बराच वेळ पाहिला. लखनौच्या माणसाची अदब, तहजीब काय असते ते तेव्हा कळलं. त्या म्हणाल्या, "भाभी जी, आपने तो कमाल कर दिया. एक भी नहीं छोड़ा!" काकू म्हणाल्या, "उसमें क्या! और होंगे तो ले आना."

खरं काय ते आपांनी काही वर्षांनी, मैत्री घट्ट झाल्यावर सांगितलं. काकू शरमल्या असतील असं तुम्हाला वाटेल. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मतलब तुम लोग पैसे देके छेद करवाते हो?" आपांनी तो कुर्ता तसाच वापरला. कुणी विचारलंच तर सांगायच्या, "ये महाराष्ट्र की जाली है."

मी बारावी पास झाले तेव्हा काकूंनी माझ्यासाठी वेगळी वाकळ घातली. आमच्या घरात कॉलेजात पाऊल टाकणारी मी पहिलीच. वाकळ देखणी होती, पण बरोबर मधोमध, छातीवर येईल अशी, वीतभर चौकट आरपार रिकामी. कडा नीट दुमडून शिवलेल्या, म्हणजे विसरल्या नव्हत्या.

"काकू, ये तो अधूरी है," मी म्हटलं.

"थे जागा रिझर्व्ह आहे. तिथं तुह्या डिग्रीच्या काळ्या गाऊनचा तुकडा लागन."

"और तब तक? ठंड लगेगी ना!"

"लागू दे. वारा आला की पुस्तक आठवन."

आईने मागून दुसरं एखादं फडकं लावायची परवानगी मागितली. काकूंनी दिली नाही. मग काय, मी तशीच झोपायचे. कितीही गुरफटून घेतलं तरी लखनौची थंडी बरोबर तेवढ्या चौकटीतून आत यायची आणि छातीवर गार हात ठेवायची. कुशीवर वळलं की पाठीला. त्या भोकामुळे माझी केमिस्ट्री चांगली झाली, असं आजही मला वाटतं.

दुसऱ्या वर्षाला असताना कारखान्यात बाबांचा उजवा हात मशीनमध्ये सापडला. हात राहिला, पण त्यातली ताकद गेली, आणि ठेकेदाराने दुसरा हेल्पर घेतला. मी कॉलेज सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. घरात चूल कशी पेटते ते मला दिसत होतं. गोमती नगरच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात लागले. दिवसभर घड्या घालायच्या, लोकांनी विस्कटल्या की पुन्हा घालायच्या. दुकानाने घालायला दोन लाल टी-शर्ट दिले होते. त्यातला एक विटला, तो घेऊन मी काकूंकडे गेले. म्हटलं, "काकू, अब यही लगा दो. गाउन तो आने से रहा." माझा आवाज जरा चढलाच असेल.

काकूंनी टी-शर्ट चोळून पाहिला. "सुती आहे," म्हणाल्या. मला वाटलं, लावतील. त्या म्हणाल्या, "पण याची जागा थे नाही. याची पिशवी होते." दोन दिवसांनी त्यांनी मला पिशवी दिली. लाल टी-शर्ट, त्याला काकांच्या जुन्या जीनचा तळ, आईच्या साडीच्या काठाचा पट्टा, आणि आत मोजून मापून माझं केमिस्ट्रीचं पुस्तक बसेल एवढा कप्पा. वर म्हणाल्या, "डबा नेत जा यात. कप्पा रिकामा ठेव." असा छळ!

मी ती पिशवी मॉलमध्ये नेऊ लागले. एक दिवस खरेदीला आलेल्या एका मॅडमनी दुकानातले सगळे कपडे सोडून माझी पिशवी उचलली. "ये कहाँ मिलेगी?" मी म्हटलं, मिळत नाही, आमच्या वरच्या काकू करतात. मॅडमचं जवळच घरसजावटीचं लहानसं दुकान होतं. त्यांना तशा पिशव्या हव्या होत्या. काकूंना विचारलं, तर त्यांनी वाकळ विकायला साफ नकार दिला, पण पिशवीला कायदा लागू नव्हता. "पिशवीत माणूस झोपते का?" त्यांनी विचारलं आणि आईला वर बोलावून आपल्या शिलाई मशीनसमोर बसवलं.

आई शिकत असताना वरून येणारे आवाज अख्ख्या क्वार्टरांनी ऐकले. "अशी काहून ओढून रायली? कापड हाये थे, बैल नाही!" आईही कमी नव्हती. "तुमच्या मशीनलाच दात नाहीत, ताई!" बाबा डाव्या हाताने जुन्या कपड्यांची बटणं काढून डब्यात टाकायचे आणि दोघींचं भांडण ऐकून खूप दिवसांनी हसायचे. आपांनी ओळखीतल्या घरांमधून गठ्ठेच्या गठ्ठे जुने कपडे आणून दिले. हळूहळू मॅडमच्या दुकानात पिशव्या, उशीचे अभ्रे, टेबलावरच्या चटया जाऊ लागल्या. ज्या दिवशी आई म्हणाली, "आता घरचं मी बघते," त्या दिवशी मी उरलेला लाल टी-शर्ट परत केला आणि कॉलेजात नाव पुन्हा लावलं. पिशवीतल्या कप्प्यात पुस्तक बरोबर बसलं.

दीक्षांत समारोहाला आई-बाबांबरोबर काकूही आल्या. थंडीचे दिवस होते. आपांनी आदल्या दिवशी स्वतःहून तो चिकनचा कुर्ता आणून दिला होता. "ऊपर तो गाउन रहेगा, अंदर ये पहन लो बेटा. मुबारक कपड़ा है." गेटवर काकूंची पर्स तपासली तर आत कात्री. गार्डने विचारलं, "माता जी, ये किसलिए?" काकू शांतपणे म्हणाल्या, "गाउन काटने के लिए." कात्री तिथेच राहिली. पुढे कळलं की गाऊन भाड्याचा आहे, फोटो काढून लगेच परत करायचा. काकूंनी काउंटरवरच्या बाबूला समजावलं, "भैया, भीतर से थोड़ा सा. किसी को दिखेगा भी नहीं." बाबूने गाऊन ओढून घेतला. शिवाय जाता जाता काकूंनी तो चोळूनही पाहिला होता. "टेरिकॉट," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं राखून ठेवलेली जागा, आणि गाऊन निघाला टेरिकॉट. त्या एका झाडाखाली बसल्या.

मी समोर जाऊन उभी राहिले. सवयीने त्यांचा हात पुढे आला आणि माझ्या कुर्त्याच्या गळ्याखालचं कापड त्यांच्या बोटात आलं. चोळलं. थांबल्या. पुन्हा चोळलं. आपल्याच सुईचे जुने टाके त्यांच्या बोटांना लागले असणार.

घरी आल्यावर त्या कुर्ता घेऊन आपांकडे गेल्या. आपांनी ऐकून घेतलं, कुर्ता एकदा गालाला लावला आणि स्वतःची कात्री आणून दिली. "काट लीजिए भाभी जी. आप ही का काम है." काकूंनी बुजवलेल्या जालीचा तो चौकोन कापला आणि आमच्या खोलीत बसून माझ्या वाकळीत लावला. शेवटचा टाका घालण्याआधी तांदळाचे चार दाणे टाकायला विसरल्या नाहीत. मग वाकळ माझ्या अंगावर टाकून चौकटीवर तळहात दाबला आणि म्हणाल्या, "यातून वारा येत नाही. मी स्वतः बुजवलं."

पुढच्याच वर्षी काका निवृत्त झाले. क्वार्टर सोडून दोघं वर्ध्याला गेली. वरच्या बाल्कनीत आता दुसऱ्या कुणाचे कपडे वाळतात. आई खालून बघते आणि म्हणते, ती पिवळी ओढणी विरत आली आहे. त्याच आवारात आम्ही आता मोठी खोली घेतली आहे, स्वतःची दोरी आहे, प्रत्येकाला वेगळी रजाई आहे. पण थंडी पडली की मी ती वाकळच काढते. छातीवर हात ठेवला की रफूचे बारीक टाके बोटांना लागतात. गार काहीच लागत नाही.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली.