मी होडीत, संदीप समुद्राखाली

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं मालवणला जाऊन आलो. स्कूबा डायव्हिंगसाठी... आणि ज्याला ते करायचंच नव्हतं, त्यानं केलं.

स्वप्न माझं होतं. छावणीतल्या एका चष्म्याच्या दुकानात मी काम करते. गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर समुद्राखालचे व्हिडिओ बघत बसायचं, हा माझा जुना नाद. आपल्या संभाजीनगरहून समुद्र कुठल्याच बाजूनं जवळ नाही, म्हणून असेल कदाचित...

आधी अंदमान डोक्यात होतं. विमानाची तिकिटं बघितली आणि मोबाईल गुपचूप पर्समध्ये टाकला. मग कळलं की मालवणलाही स्कूबा होतं, पोहता येत नसलं तरी ट्रेनर सोबत असतो.

वर्षभर प्लॅनिंग चाललं. नाताळची गर्दी सरल्यावर जानेवारीतला, आठवड्याच्या मधला वार धरला, कारण तेव्हा खोल्या स्वस्त मिळतात. रिसॉर्टऐवजी एका मावशींच्या घरातली खोली घेतली, जेवणही त्यांच्याकडेच. प्रवास एसटीनं, त्यात मला अर्धं तिकीट.

लेकीला वैजापूरला सासूबाईंकडे ठेवलं. त्यांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. पाण्यात घालायचे ड्रेस दुकानात महाग होते, तर शेजारच्या रुबिनाभाभींनी उरलेल्या कापडातून पूर्ण बाह्यांचा शिवून दिला आणि शिलाईचं नावही काढू दिलं नाही.

संदीप, म्हणजे माझा नवरा, वाळूजला एका कंपनीत आहे. त्याचं म्हणणं होतं, तू कर, मी काठावर सामान सांभाळतो. पण जोडीनं केलं तर सवलत होती, म्हणून मी त्याचंही नाव घालून टाकलं... तो काही बोलला नाही. तो तसाही फार बोलत नाही. लेक झाली तेव्हा घरी फोन करून त्यानं सांगितलं होतं, ‘मुलगी झाली, बरं हाय.’ संपला फोन.

सकाळी जेटीवर आम्हाला एकेक फॉर्म दिला. नाव, वय, आणि खाली आजारांची यादी. तिसऱ्याच ओळीत होतं... दमा.

खरं सांगते, हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मला लहानपणापासून दमा आहे, थंडीत पंप पर्समध्येच असतो. म्हणूनच तर मी फोनवर सगळं विचारलं होतं, तेवढं सोडून.

पेन ‘नाही’वर टेकवलं होतं. शेजारून संदीप हळूच म्हणाला, ‘‘खरं लिही.’’

मी त्याच्याकडे रागानं बघितलं. वर्षभराची वाट, इतका प्रवास, आणि आता हा...

‘‘वर काही झालं तर मी हाय,’’ तो म्हणाला. ‘‘खाली मी काय करू?’’

मी ‘होय’वर खूण केली. ट्रेनर भला माणूस होता. त्यानं समजावून सांगितलं की दमा असलेल्याला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय पाण्याखाली नेता येत नाही, आणि पैसे परत द्यायचीही तयारी दाखवली. मला रडू आवरेना. संदीप म्हणाला, चल, दोघंही परत जाऊ.

मग मात्र मीच हट्टाला पेटले. म्हटलं, मी नाही तर निदान तू तरी जा. आपल्यातल्या एकानं तरी बघितलं पाहिजे.

तो विहिरीत पोहायला शिकलेला माणूस. समुद्र त्यानं आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा बघितला होता. होडीच्या कडेवर बसला तेव्हा त्यानं ती कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तोंडात नळी धरून त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं... आणि गेला.

मी होडीत बसून बुडबुडे बघत राहिले. ते थोडे लांब गेले की माझाच श्वास अडकायचा. हे प्लॅनिंगमध्ये नव्हतं.

तो वर आला. मी अधीर होऊन विचारलं, कसं होतं?

‘‘बरं होतं.’’

बस्स. एवढंच. जेवतानाही तेवढंच. मनात म्हटलं, देवानं माझ्या वाट्याचा समुद्र दाखवायला माणूस तरी कुठला निवडला...

दुसऱ्या दिवशी परतीची कोल्हापूरची एसटी धरली. घाट चढून गाडी वर आली आणि संदीप खिडकीकडे बघतच बोलायला लागला. आधी कान कसे दुखले ते. मग खाली गेल्यावर आवाज कसे बंद झाले, आपलाच श्वास कसा मोठ्यानं ऐकू येतो ते. एक मासा म्हणे माझ्या मोरपंखी साडीच्या रंगाचा होता, आणि काठही तसाच. खडकाला फुलासारखं काहीतरी चिकटलेलं होतं, हात जवळ नेला की ते मिटायचं. मासे याला अजिबात घाबरत नव्हते, उलट यालाच वाट द्यावी लागत होती...

अकरा वर्षांच्या संसारात मी त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. विचारलं, मग काल का नाही सांगितलंस?

‘‘काल तुला लई वाईट वाटलं असतं,’’ तो म्हणाला. मग जरा थांबून, ‘‘पण बघताना सगळं तुला सांगायचं म्हणूनच बघत होतो. नायतर मी भ्यालो होतो, डोळेच मिटून घेतले असते.’’

मी नुसता त्याचा हात धरला.

कोल्हापूरला उतरून आम्ही चहा घेतला, पुढची गाडी शोधली. सीटवर टेकताच त्यानं विचारलं, ‘‘कुठवर आलो होतो?’’

पुढचा रस्ता चांगलाच लांब होता... आणि मला त्याचं फार बरं वाटलं.