जास्वंद फुलली की येते

जर्मनीत एर्लांगेनला असताना मी आयुष्यातली सगळ्यात बिनडोक थाप मारली, आणि तीही बाबांना.

त्यांच्या लाल जास्वंदीची एक फांदी मी ओल्या फडक्यात गुंडाळून सामानातून आणली होती. बाल्कनीतल्या कुंडीत तिला पहिल्या कळ्या धरायला सव्वा वर्ष लागलं. त्याच आठवड्यात पुण्याहून भावाचा फोन आला. बाबांचं हृदयाचं दुखणं वाढलंय, जमलं तर येऊन जा. आणि माझा पासपोर्ट माझ्या हातात नव्हता. मुदत संपत आल्याचं उशिरा लक्षात येऊन मी तो नूतनीकरणाला पाठवला होता. धांदरटपणा सगळा माझाच. घाईने जायचा कागद मिळतो म्हणतात, पण तो फक्त जाण्यापुरता, त्यावर परत येता येत नाही. शिवाय भाऊ म्हणत होता, "तसं अगदी तातडीचं नाही." त्या वाक्याला आम्ही दोघं घट्ट धरून बसलो.

बाबांना पासपोर्टचं सांगायचं नाही असं ठरलं. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस, अंथरुणातून अर्ज लिहायला घेतला असता. म्हणून त्यांनी "कधी येतेस?" विचारल्यावर मी हसत म्हणाले, "अहो बाबा, तुमची जास्वंद कळीवर आलीये. ती फुलली की येते."

मला वाटलं, हसतील.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "कळीवरचं झाड सोडून निघू नये."

मग रोज तेच. मी फोन केला की आधी "फुलली का?" पासपोर्टसाठी वकिलातीत फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे." हातात करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी कुंडी उन्हाकडे फिरवत बसायचे. सकाळी इकडे, दुपारी तिकडे. कळ्या पिवळ्या पडून टपाटप गळायला लागल्या. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जर्मन बाई दोन दिवस मान वर करून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी जिना चढून आल्या.

"हे बघा, हिला हलवू नका," त्या म्हणाल्या. "जागा बदलली की ही कळ्या टाकते. नुसतं राहू द्या."

नुसतं राहू द्या! मला त्या बाईंचा इतका राग आला की चहासुद्धा विचारला नाही. पण ऐकलं.

एका रविवारी उरलेली एकुलती एक कळी उमलली. लालभडक, तळहाताएवढी. दुपारी तिच्यासमोर हवेत काहीतरी जागच्या जागी थरथरत उभं राहिलं. तसे हमिंगबर्ड पक्षी बाबांनी टीव्हीवर पाहिले होते आणि "तुमच्याकडे असतात का?" असं मला कितीदा तरी विचारलं होतं. मी वैतागून सांगायचे, बाबा, ते अमेरिकेत. हा पतंग निघाला, लांब सोंड घालून मध पिणारा. पण क्षणभर पक्षीच वाटला. ही गोष्ट सांगावी असा जगात एकच माणूस होता.

फोन लावला. "फुलली का?"

हो म्हटलं असतं तर लगेच त्यांनी निघायचा दिवस विचारला असता. सगळं ओठावर आलेलं गिळून मी म्हणाले, "नाही हो बाबा, अजून नाही."

"चहाचा चोथा… धुऊन घाल," ते थांबत थांबत म्हणाले. "पाणी कमी कर. आणि… घाई नको करूस." मी हो हो करत राहिले. समोर फूल डोलत होतं. मला ते उपटून फेकावंसं वाटलं.

पासपोर्ट आला त्याच्या आठ दिवस आधी बाबा गेले.

घरी पोचले तेव्हा आत्याने मला जवळ घेतलं. रडून झाल्यावर डोळे पुसत तिने विचारलं, "फुलली का गं शेवटी तुझी जास्वंद?"

मी हो म्हणाले.

"अगं, मग कळवायचं नाही का?" आत्या म्हणाली. "दादा रोज सांगायचा, ती फुलली की पोर येणार. तेवढ्यावरच तग धरून होता."