झाडाखाली झोपलेला मुलगा

"ए सख्या, वर ये. लाजतोस काय? ये, पोरांना दिसू दे."

शेठ माइकवरून बोलत होता. समोर अख्खी शाळा बसलेली. पहिल्या रांगेत शाळेच्या कमिटीतली मंडळी, त्यांच्या मागे पोरं, आणि पार शेवटी भिंतीला टेकून माझा बाप. वडप्याकडच्या आमच्या गावाहून एसटीने भिवंडीला आलेला. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. मीच बोलावलं होतं त्याला. मी त्या शाळेत शिक्षिका, आणि त्या दिवशी बक्षीस समारंभात मुलांची नावं मी वाचणार होते. बापाने एकदा तरी लेकीला स्टेजवर बघावं, एवढीच माझी हौस.

बा उठला. चपला खाली काढून स्टेजवर चढला. शेठने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मुलांनो, हा आणि मी एका गावचे, एका वयाचे. देवाने दोघांना सारखेच हातपाय दिले, दिवसही तेवढाच दिला. मी शाळेत बसून पाटीवर गिरवायचो, तेव्हा हा कुठे असायचा माहितेय? शाळेसमोरच्या झाडाखाली. घोरत पडलेला! मी जागा राहिलो. आज माझे यंत्रमाग चालतात, गोडाऊन आहे, तुमच्या शाळेला खोल्या बांधून दिल्या. हा झोपला. आज याच्याकडे काय आहे ते यालाच विचारा. काय रे सख्या, खोटं बोलतो का मी?"

बा म्हणाला, "न्हाय शेठ. खरं हाय."

आणि हसला.

सगळी शाळा हसली. कमिटी हसली. हेडमास्तर हसले, रुमालाने चष्मा पुसत. माझ्या हातात बक्षिसांच्या नावांचा कागद होता. त्यानंतर मी ती नावं कशी वाचली, मला आठवत नाही. बापाचं हसणं तेवढं आठवतं. दात पडलेल्या तोंडाने, हात जोडून, मान खाली घालून. मार चुकवायला माणूस हसतो ना, तसलं. ते हसणं माझ्या मागे लागलं. भाजी चिरताना यायचं. फळ्यावर लिहिताना पाठीमागून ऐकू यायचं. मी दचकून वळायचे. पोरं मुकाट्याने लिहीत बसलेली असायची.

त्या दिवशी संध्याकाळी त्याला एसटीत बसवून द्यायला स्टँडवर गेले. म्हटलं, "बा, तू काहीच कसा बोलला नाहीस?"

"काय बोलायचं, बाय? मी झोपत व्हतो."

गाडी सुटली. त्याने खिडकीतून हातही केला नाही.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांचा हुकूम आला. नववीच्या मुलांनी निबंध लिहायचा, 'शेठजींच्या यशाचे रहस्य'. चांगल्या निबंधाला शेठकडून बक्षीस. नववीचं मराठी माझ्याकडे होतं.

वर्गात गेले. विषय फळ्यावर लिहिला आणि मुलांना म्हटलं, निबंध नंतर. आधी भाषण तपासायचं. कुणी आपल्याला काही पटवून द्यायला लागला, की तो म्हणतो काय, त्याला आधार काय, आणि त्याने काय सांगायचं टाळलं, हे बघायचं. टाळ्या त्यानंतर.

पोरं घाबरली. शेठचं भाषण तपासायचं? कितीतरी जणांचे बाप शेठच्याच लूमवर कामाला. मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "बाई, जागा राहतो तो मोठा होतो, असं शेठ म्हणतात. आमच्या चाळीत तर सगळेच पहाटे उठतात. नळाला पाणी तेव्हाच येतं."

वर्ग हसला. मी म्हटलं, "हसू नका, लिहून घ्या. मग अख्खी चाळ शेठ का नाही झाली?"

दुसरा म्हणाला, "भाषण शेठच करणार ना, बाई. ज्याला काही मिळालं नाही, त्याला स्टेजवर कोण बोलावतंय?"

"काल बोलावलं होतं," मी म्हटलं. "तो माझा बाप आहे."

हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग लक्ष्मी उभी राहिली. तिच्या घरचे आंध्रातून भिवंडीला आलेले, वडील लूमवर रातपाळी करायचे. एरवी तोंडातून शब्द न काढणारी पोर. खाली बघतच बोलली.

"बाई, माझा बाप पण दिवसा झोपतो. रात्रभर ड्युटी असते. घरी कोण आला तर त्याला वाटतं, हा आदमी आळशी आहे. तुमचे बाबा झाडाखाली झोपायचे, तर मग रात्री काय करायचे?"

मी शिकलेली, इतरांना शिकवणारी, आणि हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मला बापाच्या हसण्याचा राग येत होता, पण बाप झोपाळू होता हे मीही मनातून मान्य करून बसले होते. शेठचं भाषण माझ्याही गळी उतरलेलं. फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण डोळे भरले होते.

रविवारी गावी गेले. बा ओट्यावर दोरी वळत बसला होता. मी सरळ विचारलं, "तू झाडाखाली झोपायचास, तर रात्री काय करायचास?"

त्याला आधी प्रश्नच कळला नाही. असलं कुणी विचारत नसतं. मग म्हणाला, "रातच्याला काय, गोठा. शेठच्या बापाची जमीन व्हती, म्हशी व्हत्या. आपल्या घरचा एक पोर त्यांच्याकडं वेठीला, ही रीतच व्हती. म्हस व्यायला झाली का रातभर जागायचं. तांबडं फुटायच्या आधी शेण काढायचं, दूध पोचवायचं. मंग ह्या धाकल्या शेठला शाळंत न्यायचं. पावसात वढा भरायचा, त्याला खांद्यावर घ्यायचो. त्याचे पाय भिजले तर फोक मला बसायचा."

"आणि शाळेसमोर?"

"शाळा सुटंपर्यंत थांब म्हणायचे. परत आणायचा ना त्याला. झाडाखाली टेकलो का डोळा लागायचा."

"मग स्टेजवर हे का नाही सांगितलंस?"

बाने दोरीला आणखी एक पीळ दिला. मग म्हणाला, "पण झोपत व्हतो ना, बाय. त्यात खोटं काय हाय?"

मला हुंदका आवरला नाही. शेठ एक अक्षर खोटं बोलला नव्हता. त्याने फक्त आदली रात्र गाळली होती. ज्या खांद्यावर बसून हा माणूस शाळेत गेला, त्याच खांद्यावर हात ठेवून त्याने पोरांना हसवलं.

सोमवारी हे सगळं मी वर्गाला सांगितलं. कुणी हसलं नाही. मग पोरांनी निबंध लिहिले. शेठजींना शाळेत कोण पोचवायचं? शेठजींच्या मागावर रात्री कोण उभं राहतं? त्यांच्या यशात त्यांचं किती आणि वडिलांच्या जमिनीचं किती? बक्षीस मिळावं असं त्यात काही नव्हतं. निबंध हुकमाप्रमाणे हेडमास्तरांकडे गेले आणि हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं.

"बाई, मुलांच्या डोक्यात काय भरवताय तुम्ही? शेठजींनी खोल्या बांधून दिल्यात आपल्याला. उद्या वर्गात सांगा, माझी चूक झाली. आणि शेठजींना एकदा जाऊन भेटा. विषय मिटेल."

आमच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या असेच विषय मिटवले होते. हात जोडून. आणि तिथे उभ्या उभ्या माझेही हात आपसूक एकमेकांकडे निघाले. मला ते दिसले. स्वतःच्याच हातांची मला भीती वाटली. ते मी हेडमास्तरांच्या टेबलावर दाबून ठेवले.

"मी सांगणार नाही," मी म्हटलं. "भाषणात जे नव्हतं ते मी वर्गात सांगितलं. त्यात खोटं असेल तर शेठजींनी वर्गात येऊन दाखवावं."

"नोकरीचा विचार करा."

"केलाय."

नोकरी गेली नाही. नववी गेली. मला पाचवी दिली. शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी बसून कुणी डबा उघडेनासं झालं.

बा त्यानंतर फार जगला नाही. शेवटी शेवटी अंथरुणालाच खिळला. मी सुट्टीला जाऊन त्याला पुन्हा पुन्हा समजावायचे. तू आळशी नव्हतास, बा. तुझी झोप त्यांनी खाल्ली. तो मान हलवायचा. मला वाटायचं, पटलं. आणि सकाळी माझ्या भावाचा पोरगा उठला नाही, की अंथरुणातूनच ओरडायचा, "ऊठ रे! झोपलास तर माझ्यासारखा व्हशील!"

मरेपर्यंत हेच. शेठ आमच्या दारात कधी आला नाही. पण त्याचं भाषण आमच्या घरात रोज व्हायचं, माझ्या बापाच्या तोंडून. ते त्याच्यातून बाहेर काढायला मी कमी पडले. बा ते बरोबर घेऊनच गेला. त्याला भरपाई नाही, आणि माझी समजूत काढायला कुणी येऊ नये.

पाचवीची पोरं लहान आहेत. आपल्या बापाबद्दल काय समजायचं, हे अजून त्यांना कुणी माइकवरून सांगितलेलं नाही. पुढच्या समारंभाला कुणीतरी येईल, आपण कसे वर आलो ते सांगेल, आणि खाली राहिले त्यांचाच दोष म्हणेल. म्हणू दे. माझी पोरं शेवटपर्यंत ऐकून घेतील. टाळी वाजवणार नाहीत. हात वर करतील. आणि उत्तर मिळाल्याशिवाय हात खाली घ्यायचा नाही, हे मी त्यांना आजपासून शिकवते आहे.