पंचाहत्तर किलोमीटर आणि अकरा नारळ

बुलढाण्याबाहेरच्या माळावरच्या धावपट्टीवर कडूबानं चोवीस वर्षं पहारा केला, आणि तेवढ्या काळात तिथं विमान सोडून बाकी सगळं आलेलं पाहिलं. पुढाऱ्यांची हेलिकॉप्टरं आली, पोलीस भरतीची पोरं धावायला आली, नवशिके गाडी शिकायला आले. आसपासच्या लोकांना तर मका वाळत घालायला इतकं लांबरुंद डांबर दुसरीकडे कुठं मिळणार? कडूबानं हटकलं की वर तोंड करून विचारत, "काऊन बे, इमान येऊन राह्यलं का?" गाव त्याला पायलट म्हणायचं. बायको रुक्मिणीबाईसुद्धा भांडण हातघाईवर आलं की तेच म्हणायची.

माणसांचा त्याला मनापासून वीट आला होता. पट्टीच्या मधोमध गुटख्याच्या पिचकाऱ्या, वाढदिवसाच्या केकचे डबे, फुटक्या बाटल्या. रोज सकाळी हे सगळं त्यालाच उचलावं लागायचं. त्यापेक्षा शेळ्या बऱ्या, असं तो म्हणायचा. शेळ्या निदान हाकलल्यावर जातात.

निवृत्तीला चार दिवस राहिले असताना साहेबांचा निरोप आला. जळगावहून नऊ जणांचं छोटं विमान चाचणीसाठी येणार, उतरणार आणि अर्ध्या तासानं परत जाणार. जमलं तर पुढं नेहमीची फेरी. कडूबाला पुढच्या फेरीशी देणंघेणं नव्हतं. एकदा, फक्त एकदा चाकं डांबराला टेकलेली बघायची आणि मग सुखानं घरी बसायचं, एवढंच त्याला हवं होतं.

त्या दिवशी भार्गवी नावाची विमान कंपनीची इंजिनियर सकाळी लवकर मोटारीनं पोचली. हातात वैमानिकाशी बोलायचा वायरलेस होता. कडूबानं तिला चहा दिला आणि चोवीस वर्षं मनात असलेला प्रश्न विचारला, की ते येतं कुठून कुठून? तिनं मोबाइलवर रेघ दाखवली. जळगाव सोडलं की जामनेर, मग डोंगर चढून देऊळघाटाच्या अंगानं सरळ इथं.

"पंचाहत्तर किलोमीटर, काका. पंचवीस मिनिटं."

"अन् तुमाले गाडीनं किती लागले?"

"मलकापूर, मोताळा, राजूर घाट. तीन तास. कंबर मोडली."

कडूबा पोटभर हसला. मग तिनं बजावलं, की पट्टीवर एक खडासुद्धा नको. पंख्याच्या ओढीनं उडून पात्याला लागला तर संपलंच. त्यानं पहाटेपासून झाडायला घेतलंच होतं. साडेआठला हजार मीटरहून लांब ती पट्टी लख्ख झाली. भार्गवीनं मोटार या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू नेऊन पाहिली आणि जळगावला कळवलं, की रस्ता मोकळा आहे, दहाला निघा.

साडेनऊला दीपकभाऊ आले. हे या भागातले पुढारी. सोबत पाच गाड्या, एक बँडवाला आणि गुरुजी. आपल्याकडे बोअर लागली, ट्रॅक्टर आला, जेसीबी आला की नारळ फुटतो. मग विमानाला कसा चुकणार? आणि विमान तर अजून आलेलं नाही, म्हणून जमिनीचीच पूजा. मधल्या पांढऱ्या रेघेवर ओळीनं अकरा नारळ आपटले गेले. करवंट्यांचे तुकडे उडाले, पाणी वाहिलं, त्यावर झेंडूच्या पाकळ्या. प्रसाद म्हणून खोबरं आणि पेढे वाटले. लोकांनी खाल्लं, द्रोण तिथंच टाकले आणि तंबाखूचा मावा तोंडात टाकून तिथंच थुंकले. कडूबाला किळस आली. त्याला त्या बोटांची, त्या तोंडांची, गळ्यातल्या जाड साखळ्यांचीसुद्धा किळस आली.

तो झाडू घेऊन धावला. भार्गवीनं दीपकभाऊंना हात जोडून सांगितलं, की विमान निघालंय, पट्टी रिकामी करा. भाऊ म्हणाले, शुभकार्यात असं अडवायचं नसतं. भाऊंच्या पोरांनी कडूबाला बाजूला ओढलं, कारण फोटोत झाडू येत होता.

तोवर खोबऱ्यावर कावळे उतरले होते. मागून घारी आल्या, दोन कुत्रीही. दहा पंचवीसच्या सुमाराला देऊळघाटाच्या बाजूनं बारीक घरघर ऐकू आली. कडूबानं वर पाहिलं. पांढरं, लहानसं, दोन पंख्यांचं. खाली येता येता इतकं जवळ आलं, की त्याला चाकं दिसली. तेवढ्यात कावळ्यांचा अख्खा थवा उठला. विमान वर उचललं गेलं, एक गिरकी घेऊन पुन्हा आलं, पुन्हा उचललं गेलं. भार्गवीनं वायरलेसवर परत फिरायला सांगितलं आणि ती मान खाली घालून उभी राहिली. मग ते जळगावच्या दिशेनं निघून गेलं.

बँड वाजतच होता. दीपकभाऊंनी माइकवरून सांगितलं, की विमानानं आपल्या मातीला दोनदा वंदन केलं. टाळ्या पडल्या. कडूबा पट्टीच्या कडेला जाऊन ओकला.

पुढची चाचणी सहा महिन्यांनी, तीही झाली तर. निवृत्तीच्या आदल्या दिवशी कागद आला: धावपट्टीवर कचरा आढळल्यानं विमान परत गेलं, तरी पहारेकऱ्यानं लेखी खुलासा द्यावा. कचेरीतल्या मार्तंड बाबूंनी खुलासा तयारच ठेवला होता. प्रकृती बरी नसल्यानं सफाई राहून गेली, क्षमा असावी. खाली सही तेवढी करायची. जाता जाता कशाला वाद, असं ते गोड बोलून म्हणाले.

"मले बरं नव्हतं, हे कोणं सांगतलं तुमाले?" कडूबानं विचारलं.

कडूबानं कागद उलटा केला, बाबूंच्याच खिशातलं पेन घेतलं आणि कोऱ्या बाजूवर सावकाश लिहिलं: "साडेआठला पट्टी मी झाडून काढली होती. साडेनऊला मान्यवर आले."