कादंबरीतला थोरला

लातूरच्या दवाखान्यात दादा शेवटचा भेटला, त्या दिवशी मी नांदेडहून निघतानाच ठरवलं होतं, आज माफी मागायचीच. एसटीत सगळ्या वाटेनं वाक्य जुळवत गेलो… आणि खाटेजवळ बसल्यावर विचारलं काय, तर "डॉक्टर काय म्हणाले?"

दादा हसला. "त्यांचं सोड. तू काय लिहून राहिलास?"

"काही न्हाई," म्हणालो आणि संत्री सोलत बसलो. चार दिवसांनी वहिनींचा फोन आला.

दिगंबर, माझा थोरला भाऊ, अहमदपूरला शाळेत मराठी शिकवायचा. वीसेक वर्षांपूर्वी टीव्हीवर दोन गुप्तहेर भावांची एक मालिका लई चालली होती. थोरला थंड डोक्याचा, धाकटा तापट. एकमेकांवर कुरघोडी करत दोघं शत्रूचे बेत उधळायचे. नांदेडच्या एका प्रकाशकानं त्या मालिकेवर मराठी कादंबऱ्या काढल्या आणि लिहायचं काम दादाला दिलं. बसस्टँडवरच्या स्टॉलवर त्यांच्यावर उड्या पडायच्या. महिन्याला एक पुस्तक एकट्याला झेपेना, तेव्हा मी घरी रिकामा बसलो होतो. "माझा बापू माझ्यापेक्षा बरा लिहितो," असं सांगून दादानंच मला त्यात घेतलं. हे मला कळलं फार उशिरा, प्रकाशकाच्या तोंडून.

मग एक पुस्तक त्याचं, एक माझं, असं चालू झालं. वाचकांची पत्रं मात्र त्यालाच यायची. आईसुद्धा त्याची कादंबरी दोनदा वाचायची आणि माझी उशाशी तशीच पडून राहायची. मी आतून जळत गेलो… आणि माझ्या तिसऱ्या कादंबरीत थोरल्या भावाला गद्दार केलं. मालिकेत असं काही नव्हतं. बोलण्याआधी घसा खाकरायची दादाची सवय, सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसणं, डाव्या पायानं जरा लंगडणं, सगळं त्या गद्दाराला दिलं. शेवटी धाकट्याच्या हातून त्याला गोळी घातली. ते पुस्तक लई खपलं. मला पहिल्यांदा पत्रं आली.

अहमदपुरात कुणाला ओळखायला वेळ लागला नाही. दादा वर्गात शिरला की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "गद्दार आला!" त्यानं पुढं एकही कादंबरी लिहिली नाही. माझ्याशी भांडलाही नाही. दिवाळीला गेलो तेव्हा अंगणात एवढंच म्हणाला, "लिहिलंस चांगलं, बापू. पण आई वाचती… एवढं ध्यानात ठेवायचं होतं."

मी आत जाऊन फराळाला बसलो. मालिका बंद पडली, प्रकाशकानं दुकान आवरलं, आई गेली. दादा दर सणाला बोलवायचा, मी जायचो. पुस्तकांचा विषय आम्ही दोघंही टाळायचो.

तेरावं झाल्यावर वहिनींनी त्याचं कपाट उघडलं. माझ्या सगळ्या कादंबऱ्या तिथं होत्या, वर्तमानपत्राची कव्हरं घातलेल्या. तिसरी उघडली. पानापानावर छपाईच्या चुका पेन्सिलीनं दुरुस्त केलेल्या.

"परत छापायची वेळ आली तर चुका राहायला नगं, म्हणायचे," वहिनी म्हणाल्या.

मला राहवलं नाही. "वहिनी, यातला गद्दार मी दादावर लिहिला होता."

"ठाऊक हाय, भावजी. त्यांनीच मला वाचून दाखवलं होतं."

"गोळी लागते तिथपर्यंत?"

"हाव. तिथं जरा थांबले… चष्मा काढला. मला वाटलं, आता रडतील. तर म्हणाले, बापूची वेलांटी अजून चुकती."

मी ते पान काढलं. 'गोळी'वरची ऱ्हस्व वेलांटी त्यानं दीर्घ केली होती. बाकी समासात काहीच लिहिलेलं नव्हतं.