दारुमाचा दुसरा डोळा

जपानहून आल्यापासून आळीतल्या बायका विचारतात, "कसा हाय गो जपान?" मी "थंड हाय" म्हणते आणि मोकळी होते. तोंडाने सांगणं मला जमत नाही. बाकीचं या वहीत.

त्याआधी माझा सगळ्यात लांबचा रेल्वे प्रवास पेण ते निडी. निडी माझं माहेर. शिमगा झाला आणि वैशीने, माझ्या मुलीने, विमानाचं तिकीट पाठवलं. ती जपानात म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात कामाला आहे. तीन वर्षांत घरी आलेली नाही. तिने त्याच कामाची मोठी परीक्षा दिली होती. पास झाली तर तिथेच राहणार, नापास झाली तर परत. निकाल मी तिथे असतानाच लागायचा होता.

यांची डोलवीच्या कंपनीत दुपारची शिफ्ट होती, तरी सकाळी स्टेशनवर सोडायला आले. म्हणाले, "पास होवो नायतर नापास, तिला घेऊनच ये. आणि तिथं कोनाशी जास्ती बोलू नको हां."

आमच्या अख्ख्या संसारात मी जास्त बोलले असा एक दिवस त्यांनी दाखवून द्यावा.

वैशीची खोली आमच्या मोरीपेक्षा जरा मोठी. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली आणि मी झाडून घेताना फळीवर एक लाल बाहुली पाहिली. गोल, हात नाहीत, पाय नाहीत, दाढीमिशा मात्र झोकदार. एक डोळा काढलेला, दुसरा कोरा.

मी पेणच्या गणपती कारखान्यात डोळे आखते. माती, रंग, दागिने दुसऱ्यांचे हात करतात. डोळे सगळ्यात शेवटी, आणि ते माझे. डोळा राहिलेली मूर्ती समोर असली की दूध उतू जाताना बघत बसल्यासारखं वाटतं. टेबलावर वैशीचं ब्रशसारखं काळं पेन होतं. श्वास धरला आणि डोळा भरून टाकला. मधे तेजाचा ठिपका पांढरा सोडला. आधीचा डोळा बटाट्यासारखा होता, तोही सारखा केला.

संध्याकाळी वैशी आली ती किंचाळलीच.

"आई! काय केलंस हे!"

"राहिला होता गो."

"राहिला नव्हता, ठेवला होता! हा दारुमा (नवसाचा बाहुला). नवस बोलताना एक डोळा काढायचा, पुरा झाला की दुसरा. माझा निकाल अजून लागायचाय!"

म्हणजे काम होईपर्यंत देवाला काणं ठेवायचं. आपल्याकडे पाऊस आला नाही की पिंड पाण्यात कोंडतात, त्यातलाच प्रकार.

"मग पुसू का?"

"देवाचा डोळा पुसतात?" ती खाली बसली. मग हळूच म्हणाली, "मुद्दाम केलंस ना? मी नापास व्हावं म्हणून. बाबांनी सांगितलं असेल."

मी नाही म्हटलं. पण ते जरा उशिरा म्हटलं, आणि ते तिने ओळखलं.

तिच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दारुमाच्या देवळात माफी मागायला निघालो. जपानची गाडी स्वच्छ, आणि डब्यात कोणी कोणाशी बोलत नाही. चणेवाला नाही, फोन नाही, भजन नाही. तिकीट बघणारा माणूससुद्धा जाताना वाकून नमस्कार करतो. हा देश माझ्यासाठीच बनवलाय असं मला वाटलं. फक्त वैशीही बोलत नव्हती, ते जड जात होतं.

तिने ओनिगिरी (भाताचा त्रिकोणी गोळा) हातात दिली. तिच्यावर काळा कार्बन पेपर होता, तो मी सोलून पिशवीत टाकला.

"आई, ते शेवाळ आहे. खायचं असतं."

तेवढंच बोलली. खिडकीतून कापणी झालेली शेतं दिसत होती, पार मागे बर्फाचे डोंगर. शेतं अगदी आपल्या पेणच्या खारेपाटातल्यासारखी, फक्त एकही म्हैस नाही.

देऊळ जुनं, लाकडाचं. पायऱ्या चढून माझे गुडघे बोलायला लागले. वर दोन्ही डोळे भरलेल्या दारुमांचा ढीग होता. नवस फिटलेले. त्यांना पुढे जाळतात, म्हणजे विसर्जनच. दुकानात एक म्हातारेबुवा दारुमाच्या भुवया रंगवत बसले होते. वैशी वाकून वाकून सांगू लागली. मी तिच्या पाठीमागे. बुवांनी चष्मा लावून आमचा दारुमा बराच वेळ न्याहाळला.

"आई, विचारतायत हा डोळा कोणी काढला?"

"शेजारणीनं सांग."

"देवळात खोटं?"

मग मीच पुढे झाले. "मी," म्हटलं, मराठीत. बुवांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. मी सांगितलं, इथून तेज येतं. श्वास धरायचा, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकायची. बुवांनी आपली करंगळी दाखवली, रंगाने काळी. मी माझी दाखवली. त्यानंतर आम्ही दोघं इतकं बोललो की वैशी भाषांतर करून सांगायची कधी थांबली ते कळलंच नाही.

शेवटी बुवा वैशीकडे बघून काहीतरी म्हणाले आणि खो खो हसले.

"काय गो?"

"म्हणतात, डोळा फार चांगला आहे, आता याला सगळं दिसतंय." वैशीचा चेहरा उतरला. "मी अभ्यास केलाय की नाही, तेपण."

निघताना त्यांनी मला एक छोटा दारुमा दिला, दोन्ही डोळे कोरे. परतीच्या गाडीत वैशी माझ्या खांद्यावर झोपली.

त्यानंतर चौथ्या दिवशी निकाल लागला. वैशी पास. तिने मला उचलून गोल फिरवलं. मी हसले, आणि मग मोरीत जाऊन तोंड धुतलं. माझ्याच हाताने भरलेला डोळा, तक्रार कोणाकडे करणार?

पेण स्टेशनवर हे उभे होते. माझ्यामागे पाहिलं. "वैशी कुठाय?"

"पास झाली."

यांनी माझी पिशवी रिक्षात ठेवली. घराशी आल्यावर हे म्हणाले, "हुशार हाय पोरगी."

छोटा दारुमा आता देव्हाऱ्याशेजारी आहे. त्याचा एक डोळा मी काढलाय. हे रोज विचारतात, "दुसरा कधी?" मी सांगते, गणपतीला वैशी घरी आली की. तोपर्यंत ब्रश मी कारखान्यातच ठेवून येते. हाताचा भरवसा नाही.