पल्याडची वीस घरं

गोविंदराव गेल्याचं मला कचेरीच्या फळ्यावरच्या शोकसभेच्या सूचनेवरून कळलं. दीड महिना होत आला त्याला. सभेत आमचे साहेब उठले आणि गहिवरून म्हणाले, "असा प्रामाणिक मोजणीदार पुन्हा होणे नाही." मला शिसारी आली. साहेबांची आली, आणि खाली मान घालून बसलेल्या स्वतःचीही.

छप्पन साली आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या सुमारास गोविंदराव आणि मी भूमच्या पश्चिमेचा माळ मोजत होतो. ते मोजायचे, मी शाईने गिरवायचो. नुसती खडी, बाभळी, पाण्याचा पत्ता नाही. पूर्वी निजामाची आणि इंग्रजांची हद्द याच माळावरून जायची. तिथं वीस घरांची एक वस्ती होती. गोविंदरावांनी गाव विचारलं, तर दारातली म्हातारी म्हणाली, "आमी हितले न्हाय. आमी पल्याडचे."

"कुणाच्या पल्याड, आजी?"

"तुमी जिकडचे असाल, त्येच्या पल्याड."

दोन्हीकडचे शिपाई धान्य उचलायला यायचे, तेव्हा याच उत्तरावर ही माणसं तगली होती. हद्द गेली, उत्तर तेवढं राहिलं. गोविंदराव पोट धरून हसले आणि उंचीच्या रेषांमध्ये त्यांनी वीस ठिपके काढले.

याच साहेबांनी म्हातारीचा लिहून आणलेला जबाब वाचला. "वस्तीच म्हणते आम्ही इथले नाही. खोडा."

"साहेब, घरं मी स्वतः मोजलीत," गोविंदराव म्हणाले. ते खोडेनात, तेव्हा साहेबांनी नकाशाचं कापड माझ्यापुढे सरकवलं... मी ब्लेडने वीस घरं खरवडली. पाच मिनिटंही लागली नाहीत.

पुढे गावोगाव विहिरी मंजूर झाल्या. या वस्तीच्या अर्जावर शेरा पडला, नकाशात वस्ती नाही. बायका अजून दीड कोसावरून घागरी आणतात. गोविंदराव शेवटपर्यंत त्यांचे अर्ज लिहून देत राहिले. मला मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. चांगलं फैलावर घेतलं असतं तर बरं झालं असतं.

परवा त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी त्यांचा शाईचा टाक माझ्या हातात ठेवला. "तुम्हाला द्या म्हणून सांगून गेलेत. म्हणाले, त्याचा हात लई चांगलाय, ठिपके तोच भरील."

खरवडलेल्या जागी शाई फुटते, आधी नखानं घासून घ्यावं लागतं. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. टाक माझ्या टेबलावर आहे. नकाशांचं कपाट चार पावलांवर, किल्लीही माझ्याकडेच. साहेब आठवडाभर रजेवर आहेत... आणि मी त्यांच्यावरचा हा लेख लिहीत बसलोय.